मेल्ट, मऊ आणि तात्यापारा

घन पदार्थाने आपला ताठा सोडून द्रवाचे रूप घ्यावे, या निसर्गातल्या साध्या घटनेसाठी इंग्रजी भाषा ‘मेल्ट’ हे एकच क्रियापद पुरवून पुरवून वापरते. लोणी, लोखंड, हिमनदी, मेणबत्ती, जमाव, राग आणि सासऱ्यांचे मन या सर्वांना तिच्याकडे एकच न्याय लागू आहे. मराठीला ही काटकसर कधी मानवली नाही. मराठीत मेणबत्ती वितळते, जिभेवर ठेवलेली बर्फी विरघळते, पावसाळी हवेत गूळ पाघळतो, आजीच्या पाटल्या आटवल्या जातात, थिजलेले तूप पातळ केले जाते आणि अंतःकरण द्रवते. या क्रियापदांची कामे इतकी काटेकोर वाटून दिलेली आहेत की एकाच्या जागी दुसरे बसवले तर अर्थ फारसा बिघडत नाही, परंतु ऐकणारा मनातल्या मनात बोलणाऱ्याचे गाव कोणते असावे याचा अंदाज बांधू लागतो. बोलणाऱ्याने ‘तूप गलवून आणते’ असे म्हटले असेल, तर ते गाव रायपूर असण्याचा संभव बराच असतो.

छत्तीसगडची ही राजधानी वितळण्याच्या अभ्यासाला दोन कारणांनी सोयीची आहे. पहिले कारण हवेचे आहे. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की जे नऊ दिवस सुरू होतात त्यांना येथे नौतपा म्हणतात, आणि त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळू लागला की रस्त्यावरचे डांबर, हातगाडीवरची कुल्फी आणि कचेरीतल्या माणसाचा कामाचा उत्साह हे तीनही पदार्थ एकाच सुमारास मऊ पडतात. दुसरे कारण इतिहासाचे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ पर्यंत त्यांनी तेथून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. आणि पुढे मध्य प्रांत व वऱ्हाड या जोडप्रांताची, आणि नंतर काही वर्षे मध्य प्रदेशाची, राजधानी नागपूर असल्यामुळे १९५६ पर्यंत रायपूरच्या माणसाला सरकारदरबारी काम निघाले की नागपूरची गाडी धरावी लागे, तर नागपूरकडचे मास्तर, वकील, कारकून आणि रेल्वेबाबू त्याच गाडीने उलट दिशेला येऊन येथेच बिऱ्हाड मांडत. त्यांनी १९३५ मध्ये महाराष्ट्र मंडळ काढले, गणपती बसवले, नाटके केली, आणि एवढे सगळे मराठीत करून झाल्यावर भाजी मात्र हिंदीत आणली.

या मराठी वस्तीशी ज्या मोहल्ल्याचे नाव जुन्या काळापासून जोडले जाते, त्या तात्यापाऱ्याविषयी एक खुलासा येथेच करणे इष्ट आहे. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे वस्ती, पाडा किंवा आळी. त्यामुळे रायपुरात तात्यापारा आहे, बूढापारा आहे आणि ब्राह्मणपाराही आहे. महाराष्ट्रातून प्रथमच आलेल्या पाहुण्याला मात्र ‘पारा’ म्हटले की तापमापकातला तो चंचल धातू आठवतो, जो उणे ३९ अंशांपर्यंत वितळलेलाच राहतो आणि म्हणून घरातल्या सामान्य हवेत ज्याला घनपणाची सवयच लागत नाही. आणि तात्यांच्या नावापुढे पारा लागलेला पाहून हे तात्या किती तापट असावेत, असा विचार त्याच्या मनात येऊन जातो. रिक्षावाल्याला ‘तात्यापारा चौक’ असे सांगताना तो आवाज किंचित खाली आणतो, यामागचे कारण रिक्षावाल्याला अखेरपर्यंत कळत नाही.

आता मूळ शब्दाकडे वळणे भाग आहे, कारण ‘मेल्ट’ या शब्दाची वंशावळ पाहिल्याशिवाय त्याच्या रायपुरातील नातेवाइकांची ओळख पटत नाही. इंग्रजीच्या सर्वांत जुन्या अवस्थेत, म्हणजे सुमारे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, या अर्थाची दोन क्रियापदे होती: ‘मेल्टन’ म्हणजे आपण होऊन वितळणे, आणि ‘मिएल्टन’ म्हणजे दुसऱ्याला वितळवणे. पहिल्याचे भूतकाळाचे रूप आतला स्वर बदलून होत असे, आणि त्याच चालीचे जुने धातुसाधित ‘मोल्टन’ या विशेषणात आजही शिल्लक आहे. म्हणून लाव्हा ‘मोल्टन’ असतो, पण लोणी मात्र ‘मेल्टेड’. कालांतराने ही दोन क्रियापदे एकमेकांत मिसळून एक झाली, म्हणजे वितळण्याचा अर्थ सांगणारे शब्दच वितळले, आणि तेव्हापासून इंग्रजीत बर्फही मेल्ट होतो व माणूसही बर्फाला मेल्ट करतो. मराठीने हा भेद गहाण टाकलेला नाही. गळणे आणि गाळणे, पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे या जोड्यांत एका स्वराच्या लांबीवर सगळी जबाबदारी ठरते, आणि जेथे स्वर पुरत नाही तेथे ‘वितळवणे’सारखा ‘व’ मदतीला येतो. चौकशी समितीच्या दृष्टीने पाहता इंग्रजीची सोय अधिक आहे हे मान्य करावे लागते, कारण भांडारातले तांबे वितळले की कोणी वितळवले, या प्रश्नाचे उत्तर न देताही इंग्रजीत अहवाल पूर्ण करता येतो.

इंग्रजीच्या मागे, जर्मन, लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या भाषांची जी समाईक पूर्वज भाषा विद्वानांनी तुलनेने उभी केली आहे, तिच्यात ‘मेल्द’ अशा काहीशा रूपाचा एक धातू मानतात, आणि त्याचा अर्थ ‘वितळणे’ इतका उष्ण नसून ‘मऊ असणे’ इतका सौम्य आहे. याच धातूपासून लॅटिनमध्ये ‘मोलिस’ म्हणजे मऊ हा शब्द झाला, ज्याच्या कृपेने शंखातल्या लिबलिबीत प्राण्यांना ‘मोलस्क’ हे शास्त्रीय नाव मिळाले. आणि संस्कृतात ‘मृदु’ झाला, कारण या कुळातल्या ‘ल’ला संस्कृतात पुष्कळदा ‘र’चे किंवा ‘ऋ’चे रूप येते, आणि र व ल यांत भेद मानू नये असा आपल्या पंडितांचा जुना संकेतही आहे, जो बोबड्या बोलांची मुले आजही निष्ठेने पाळतात. मृदूचा ऋ प्राकृतात ‘अ’ झाला, मधला द झिजून गेला, ‘मउ’ उरला, आणि मराठीने त्याला दीर्घ करून ‘मऊ’ असे घरगुती रूप दिले. तात्पर्य असे की विलायतेत पोलादाच्या भट्टीवर चढलेला ‘मेल्ट’ आणि मराठी घरात आजारी माणसाच्या ताटात वाढला जाणारा मऊ भात यांतला ‘मऊ’ हे एकाच आजोबांचे दोन नातू आहेत. एकाने कारखान्यात नाव काढले, दुसऱ्याने स्वयंपाकघर सांभाळले. मऊ भातावर तुपाचा गोळा ठेवला जातो आणि तो तेथे हळूहळू पसरतो, तेव्हा ताटात होणाऱ्या या भेटीला काही हजार वर्षांच्या ताटातुटीची पार्श्वभूमी असते. जेवणाऱ्याचे लक्ष मात्र मेतकुटाकडे असते.

याच कुळात ‘माल्ट’ आहे, म्हणजे भिजवून, मऊ करून, मोड आणून भाजलेले बार्लीचे धान्य. मराठी घरांत नाचणीला मोड आणून केलेले सत्त्व हे कार्य करते आणि ते लहान बाळाला पाजले जाते, तर त्याच तत्त्वावर सिद्ध झालेले विलायती माल्टचे पेय बाळाच्या काकांना दिले जाते. दोघेही ते घेतल्यावर मऊ पडतात. छत्तीसगडमध्ये धान्य मऊ करण्याची कल्पना आणखी पुढे गेलेली आहे. येथे शिजवलेल्या भातात रात्रभर पाणी घालून ठेवतात आणि सकाळी तो मीठ, कांदा व हिरव्या मिरचीबरोबर खातात. त्याला बासी म्हणतात, आणि ताज्या भातात पाणी घातले की बोरे. मराठी सुनेला हा ‘शिळा भात’ या सदरातला प्रकार वाटतो, आणि ‘बासी’ या शब्दाचा हिंदीतला अर्थही तिच्या बाजूने साक्ष देतो. परंतु नौतप्यात दुपारी बारा वाजता शेतातून आलेल्या माणसाने बासीचा वाडगा तोंडाला लावलेला पाहिला की ती साक्ष आपोआप फिरते. मेल्ट-कुळातील आणखी एक सदस्य म्हणजे यिडिश भाषेतून इंग्रजीत आलेला ‘श्माल्ट्झ’, ज्याचा मूळ अर्थ कढवलेली कोंबडीची चरबी आणि हल्लीचा अर्थ अति भावुक, रडवे, गोडमिट्ट संगीत किंवा चित्रपट असा आहे. चरबीवरून भावनेकडे जाण्यात इंग्रजीला काही परकी चतुराई वापरावी लागली असे मराठी वाचकाने समजू नये. कौतुकाचे दोन शब्द ऐकताच जो विरघळतो, त्याला मराठीत ‘पाघळला’ असे म्हणतात, आणि त्या शब्दातही ओघळणारे काहीतरी चिकट डोळ्यांसमोर येतेच.

वास्तविक रायपूरच्या मराठी माणसाची खरी अडचण इंग्रजीने नव्हे, तर हिंदीने केलेली आहे, आणि ती ‘गल्’ या संस्कृत धातूपाशी आहे. संस्कृतात ‘गल्’ म्हणजे थेंबाथेंबाने पडणे, सुटून खाली येणे. मराठीने हा अर्थ जपला: नळ गळतो, पाने गळतात, केस गळतात, सर्दीत नाक गळते आणि संकटात अवसान गळते. उसाच्या कारखान्यात तर गळीत हंगामच असतो. हिंदीने तोच धातू पुढे नेला आणि त्याला मऊ होणे, वितळणे, कुजणे, शिजून एकजीव होणे असे अर्थ दिले. त्यामुळे हिंदीत डाळ गलते, आणि ती गलली नाही तर माणसाचा डावही फसतो; मराठीत तोच डाव फसतो तेव्हा डाळ ‘शिजत’ नाही. हिंदी परंपरेप्रमाणे पांडव हिमालयात गलले, मराठी कानाला मात्र ते वाटेत गळून पडल्यासारखे ऐकू येते, आणि द्रौपदीपासून भीमापर्यंत एकेक जण वाटेतच पडत गेला हे पाहता मराठी कानही अगदीच चुकत नाही. यापेक्षा मोठे नवल उत्तर प्रदेशाकडे आढळते: तेथे हाडे गोठवणाऱ्या थंडीला ‘गलन’ म्हणतात, म्हणजे ज्या शब्दाने लोखंड पाणी होते त्याच शब्दाने माणूस कुडकुडतो. जानेवारीत तिकडून रायपूरला बदलून आलेला अधिकारी ‘यहाँ तो गलन ही नहीं है’ असे समाधानाने सांगतो, तेव्हा शेजारच्या मराठी गृहस्थांची अशी समजूत होते की सरकारी निवासस्थानाचे छत या वर्षी दुरुस्त झालेले दिसते.

शाळेत हा घोटाळा अधिकृत होतो. पदार्थ ज्या तापमानाला वितळतो त्या तापमानास मराठी पाठ्यपुस्तक ‘द्रवणांक’ म्हणते आणि हिंदी पाठ्यपुस्तक ‘गलनांक’. घरात मराठी आणि शाळेत हिंदी अशा दुहेरी वातावरणात वाढणाऱ्या मुलाला बर्फाचा गलनांक शून्य अंश आहे हे पाठ असते, परंतु घरी आल्यावर आजोबा ‘गलनांक’ म्हणजे टाकी कितव्या अंशाला गळू लागते हा आकडा समजून बसतात आणि नगरपालिकेच्या टाकीपुरता तरी तो कोणत्याही तापमानाला लागू पडतो असा निर्वाळा देतात. या दोन भाषांची मध्यस्थी करण्याचे काम रायपुरात पूर्वी थोर माणसांनी केलेले आहे. पेंड्रा येथून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे हे मराठी घरातले. त्यांनी ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे दोन ग्रंथ हिंदीत नेले. गीतारहस्याचा हिंदी अनुवाद करताना ज्यांनी ‘गळणे’ आणि ‘गलना’ यांना एकाच दौतीतून पाणी पाजले, त्यांच्या संयमाची कल्पना वाचकाने स्वतःच करावी.

मराठी माणसाने या लढ्यात हिंदीपुढे शस्त्र टाकल्याचा सर्वांत तेजस्वी पुरावा सराफ बाजारात मिळतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुका, त्यातले विटा आणि आसपासची आटपाडी-तासगावकडची गावे या दुष्काळी टापूतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर पडली आणि भारतातल्या बहुतेक सराफ पेठांत सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा व्यवसाय करू लागली. जुने दागिने मुशीत, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या खोलगट भांड्यात, टाकणखारासह तापवायचे, तेजाबाने हीण काढायचे, शुद्धतेचा टंच काढून द्यायचा, आणि सोनाराच्या दुकानात झाडून काढलेल्या केरातूनही सोन्याचे कण वेचून काढायचे, हे त्यांचे काम. चांदी ९६२ अंशांना आणि सोने १०६४ अंशांना वितळते, पण या कामाचे नाव मराठीत ‘वितळाई’ झाले नाही. ते झाले ‘गलाई’, आणि विट्याच्या आसपास ‘गलाई बांधव’ हा शब्द वर्तमानपत्रात इतक्या अभिमानाने छापला जातो की तो हिंदीतून उसना आणला आहे याची शंकाही कोणाला येत नाही. विट्याचा तरुण कोचीला दुकान मांडतो किंवा कोलकात्याला, बायकोशी मराठीत आणि गिऱ्हाइकाशी तिकडच्या भाषेत बोलतो. धंद्याचे नाव सांगताना मात्र त्याला हिंदी लागते.

घरात मात्र याच कामासाठी मराठी बाई दागिने ‘आटवले’ असेच म्हणते, आणि येथे भाषेने सराफाला एक अवघड परीक्षा घातलेली आहे. ‘आटणे’ म्हणजे कमी होणे. दूध आटते, विहीर आटते, माया आटते. सोने वितळवण्यालाही हेच क्रियापद लावल्यामुळे सोनाराने काही करण्यापूर्वीच गिऱ्हाइकाच्या मनात ‘आता हे कमी होणार’ ही धारणा व्याकरणाने पक्की होते, आणि सराफ घट म्हणून काही गुंजा धरतो तेव्हा दोन्ही बाजू आपण फार पूर्वीपासून हेच म्हणत होतो अशा मुद्रेने तराजूकडे पाहतात. इंग्रजी गिऱ्हाइकाने सोने ‘मेल्ट’ केल्यावर ते कमी का झाले असे विचारले तर त्याला रीतसर उत्तर द्यावे लागते; मराठी गिऱ्हाइकाने ते आधीच क्रियापदात लिहून दिलेले असते.

सोन्याकडून लोखंडाकडे आल्यावर ‘मेल्ट’च्या कुळातला एक वादग्रस्त सदस्य भेटतो, तो म्हणजे ‘स्मेल्ट’. अशुद्ध खनिजातून धातू काढणे असा त्याचा अर्थ; तो डच किंवा उत्तर जर्मनीकडच्या बोलीतून इंग्रजीत आला, आणि त्याच्या पुढे जो ‘स’ आहे तो या भाषाकुळातल्या कित्येक शब्दांपुढे कधी येतो, कधी नाहीसा होतो, म्हणून भाषाशास्त्रज्ञ त्याला फिरता ‘स’ म्हणतात. या ‘स’च्या फिरतीचा भत्ता कोणत्या भाषेने सोसला, याविषयी व्याकरणकार मौन पाळतात. खरी गंमत अशी की लोखंडाच्या बाबतीत ‘स्मेल्ट’ केलेले बहुतेक लोखंड हजारो वर्षे मुळी वितळतच नव्हते. मैकल डोंगररांगांत, बिलासपूर-मंडल्याच्या बाजूला, अगरिया नावाची आदिवासी जमात मातीच्या छोट्या भट्टीत लोहखनिज आणि लाकडी कोळसा भरून, पायाने दाबायच्या भात्यांनी वारा घालून लोखंड काढीत असे. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये या जमातीवर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला, आणि त्यात लोहासुर, अग्यासुर व कोयलासुर या तिच्या देवांची ओळख करून दिली. शुद्ध लोखंडाला वितळायला १५३८ अंश लागतात, तेवढी उष्णता त्या भट्टीत होत नसे. खनिजातला प्राणवायू कोळशाने ओढून घेतला जाई, मळी तेवढी वितळून खाली वाहून जाई, आणि लोखंड मात्र स्पंजासारख्या सच्छिद्र गोळ्याच्या रूपात तसेच घट्ट बसून राही, म्हणजे पाघळले ते हीण, अस्सल माल नव्हे. मग तो लालबुंद गोळा घणाने बडवून उरलीसुरली मळी हाकलली जाई.

आजच्या रायपुरात, उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत, अगरियांचे हेच तत्त्व प्रचंड आकारात फिरते आहे. तेथे लांबलचक फिरत्या भट्ट्यांत लोहखनिज कोळशाबरोबर सुमारे हजार अंशांवर तापवतात; खनिजातला प्राणवायू निघून जातो, त्याच्या जागी भोके राहतात, आणि जो माल तयार होतो त्याला ‘स्पंज आयर्न’ म्हणतात. मुलगा स्पंजाच्या कारखान्यात लागला असे पुण्याच्या मावशीला कळवले, तर ती केक आणि रसगुल्ले यांच्यापलीकडे जात नाही, आणि पुढच्या भेटीत थोडा माल घेऊन येण्याची सूचना करते. या स्पंज लोखंडाला खरे वितळणे भोगावे लागते ते पुढच्या कारखान्यात, विजेच्या इंडक्शन भट्टीत, जेथे वितळवणाऱ्या कामगाराचा हुद्दाच ‘मेल्टर’ असतो. बाराशे वर्षांपूर्वी दोन क्रियापदांनी सुरू झालेला शब्द अशा रीतीने छत्तीसगडमध्ये पगारपत्रकावर चढला. भट्टीच्या एका भरतीला तेथे ‘हीट’ म्हणतात. त्यामुळे ‘आज किती हीट निघाल्या?’ हा प्रश्न मे महिन्यात रायपूरच्या फाटकावर ऐकणाऱ्या परक्या माणसाला हवामान खात्याचा वाटतो.

रायपूरहून तीसेक किलोमीटरवर असलेल्या भिलाईचा उल्लेख येथे टाळता येत नाही. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, दल्ली-राजहऱ्याचे खनिज येऊ लागले, आणि कारखान्यात ज्या विभागात पोलाद तयार होते त्याचे नाव ‘स्टील मेल्टिंग शॉप’ असे ठेवले गेले. हे नाव उच्चारायला लांब म्हणून त्याची आद्याक्षरे तेवढी वापरात राहिली. परिणामी मोबाईलवरचा पहिला लघुसंदेश १९९२ मध्ये विलायतेत पाठवला गेला, त्याच्या तीन दशके आधीपासून भिलाईची माणसे दररोज ‘एस.एम.एस.’मध्ये जात होती, तेथे आठ तास काढत होती आणि घामाने भिजून परत येत होती. पुढे मोबाईल आल्यावर नातवाने ‘आजोबा, एस.एम.एस. आला’ असे सांगितले की निवृत्त आजोबा पाळी बदलली की काय म्हणून दचकत.

वितळण्यातून घडण्याची छत्तीसगडची दुसरी परंपरा अधिक शांत आहे. बस्तरमधील कोंडागावचे घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून हत्ती, घोडे आणि देवता साकारतात, वरून पुन्हा मातीचा लेप देतात आणि तापवतात. मेण वितळून निघून जाते, त्याने सोडलेल्या पोकळीत वितळलेले पितळ शिरते, आणि थंड झाल्यावर माती फोडली की मेणाची हुबेहूब आठवण धातूत उभी असते. या पद्धतीला ढोकरा कला म्हणतात. मोहेंजोदडोची प्रसिद्ध नर्तिकाही मेण घालवूनच ओतलेली आहे, आणि कोंडागावच्या जयदेव बघेल यांनी ही विद्या देशाबाहेरही पोहोचवली. ज्या मेणाची उपमा मराठी माणूस मऊपणासाठी पिढ्यान्‌पिढ्या देत आला, तेच येथे स्वतः नाहीसे होऊन पितळाला रूप देते.

त्याच बस्तरमध्ये हलबी नावाची बोली आहे, जिच्यात मराठी, छत्तीसगढी आणि उडिया यांचे मिश्रण इतके बेमालूम आहे की भारतीय भाषांच्या पाहणीत ग्रियर्सन यांनी तिला १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात, म्हणजे मराठीच्या दप्तरात, दाखल केले, आणि तेव्हापासून ती नेमकी कोणाची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा मिश्रणासाठी इंग्रजीत ‘मेल्टिंग पॉट’ हा शब्दप्रयोग आहे. इझ्रेल झँगविल यांचे त्याच नावाचे नाटक १९०८ मध्ये वॉशिंग्टनला रंगमंचावर आले आणि अमेरिकेत येणाऱ्या नाना देशांच्या लोकांना एका मुशीत घालून एकजीव करण्याची कल्पना त्याने लोकप्रिय केली. रायपूरच्या मराठी माणसाने ही कल्पना पाहून घेतली आणि तिची निम्मीच अंमलबजावणी केली. तो भाषेला मुशीत घालतो, पण स्वतः काठावर बसतो. नागपुरी वळणाचे ‘राहिलं’ त्याने सोडलेले नाही, हिंदीचे क्रियापद मात्र मोकळेपणाने घेतले आहे, म्हणून त्याचा बर्फ ‘पिघळून राहिला’ असतो आणि त्याची डाळ ‘गलून राहिली’ असते. पुणेरी पाहुण्याला यात तीन चुका दिसतात, आणि बोलणाऱ्याला पुण्याच्या पाहुण्यात एक. हलबीला मराठीत घालायचे की बाहेर ठेवायचे, हे ठरवणाऱ्या विद्वानांनी तात्यापाऱ्यात एक दुपार काढली असती तर सातव्या खंडाची पाने वाढली असती.

‘मेल्टडाऊन’ या अलीकडच्या वंशजाबद्दल थोडक्यात एवढेच नमूद करावे की तो अणुभट्टीमुळे जगप्रसिद्ध झाला, १९७९ च्या अमेरिकेतील थ्री माइल आयलंड दुर्घटनेनंतर शेअर बाजारालाही लागू झाला, आणि आता तीन वर्षांच्या मुलाने दुकानात जमिनीवर लोळण घेतली तरी वापरला जातो. मुळात तो आइस्क्रीमच्या धंद्यातला शब्द होता, हे कळल्यावर मुलाच्या बाबतीत तरी तो बरोबर ठिकाणी परत आला असे म्हणावे लागते. मराठीत या अवस्थेला ‘भोकाड पसरणे’ म्हणतात, आणि तो शब्द कोणत्याही उष्णतेविना पसरतो.

या सर्व शब्दांची सरतेशेवटची गाठ मात्र दरवर्षी जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, रायपुरातल्या कोणत्याही मराठी घराच्या गच्चीवर पडते. घरमालकीण मिस्त्रीला बोलावून सांगते, ‘छत गळत आहे, भैया’. मिस्त्रीला ‘छत गल रही है’ असे ऐकू येते, आणि छत गलते आहे म्हणजे ते आतून कुजून मऊ पडले आहे असा त्याचा ग्रह होऊन तो सगळे तोडून नवे घालण्याचा अंदाजखर्च सांगतो. मालकीणबाई घाबरून ‘नाही हो, पाणी, पाणी’ असे हातवारे करतात, तेव्हा त्याला उलगडा होतो आणि तो म्हणतो, ‘अच्छा, चू रही है’. मग मालकीणबाईंच्या डोळ्यांसमोर आता हा चुना लावणार असे चित्र उभे राहते आणि त्या भावाविषयी अधिकच सावध होतात. शेवटी मिस्त्री एका पत्र्याच्या डब्यात डांबराचे ढेकूळ टाकतो, खाली लाकडे पेटवतो, डब्याकडे पाहून ‘गल गया’ असे समाधानाने म्हणतो आणि ते काळेभोर, वाफाळते डांबर भेगेत ओततो. मालकीणबाई खाली जाऊन छताकडे थोडा वेळ पाहतात आणि वर हाक मारून सांगतात की आता गळत नाही.